शब्दावाचूनचा ऋणनिर्देश : बिस्मिल्ला खाँची सनई आणि बनारसच्या गायिका

१

हिंदुस्थानी संगीतात ऋण सांगण्याची रीत ठरलेली आहे. गुरूचे नाव उच्चारताना गवई कानाच्या पाळीला हात लावतो. घराण्याचा उल्लेख अभिमानाने करतो. चीज दुसऱ्याची असेल तर बंदिशीत गुंफलेली मुद्राच तिच्या कर्त्याची साक्ष देते. परंतु ज्यांचा गंडा बांधला नाही, ज्यांच्यापुढे बसून तालीम घेतली नाही आणि तरीही ज्यांच्या गाण्याने आपला कान घडला, अशा माणसांचे ऋण नोंदवण्यासाठी या परंपरेने कोणतेही रूढ साधन निर्माण केलेले नाही. ते ऋण कलावंताच्या संभाषणात, एखाद्या मुलाखतीतल्या सहजोद्गारात शिल्लक राहते. इतिहासकार त्याला ‘आठवण’ म्हणून बाजूला ठेवतो आणि घराण्याच्या वंशवृक्षाकडे वळतो.

वादकाच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. गायकाच्या गळ्यात दुसऱ्या गायकाची जागा आली तर तीबरोबर शब्दही येतात आणि श्रोता ती जागा ओळखतो. वाद्यावर ती जागा उतरली म्हणजे शब्द गळून पडतात. उरतो केवळ स्वर. तो कोणाचा, हे सांगायला वाद्याजवळ भाषा नसते. सनईसारख्या सुषिर वाद्याची तर गोष्टच निराळी. सतार वाजवणारा निदान वाजवता वाजवता दोन शब्द बोलू शकतो. सनई वाजवणाऱ्याचे तोंडच वाद्याला दिलेले असते.

उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांच्या सनईविषयी मराठीत आणि हिंदीत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक लेखन मंदिर आणि इमामबाडा या दोन टोकांमध्ये त्यांचे चित्र रंगवते. हे चित्र खोटे नाही. मात्र या दोन टोकांच्या मध्ये एक गल्ली होती, आणि त्या गल्लीतून ऐकू येणारे गाणे हा आपल्या संगीताचा आरंभ होता, असे खाँसाहेबांनी स्वतः वारंवार सांगितले होते. त्यांच्या या सांगण्याकडे आपण बालपणाची एक गोड आठवण म्हणून पाहिले. प्रस्तुत लेखात ते सांगणे ऋणाचा कबुलीजबाब म्हणून वाचावे आणि त्यांच्या ठुमरी, कजरी, चैतीच्या ध्वनिमुद्रिका त्या कबुलीजबाबाचा उत्तरार्ध म्हणून ऐकाव्यात, असा विचार मांडायचा आहे.

२

बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म २१ मार्च १९१६ रोजी बिहारमधील डुमराव येथे झाला. घराणे पिढीजात सनईवादकांचे; वडील पैगंबरबख्श डुमराव दरबारात सनई वाजवीत. लहानपणीच ते बनारसला मामांकडे आले. मामा अलीबख्श ‘विलायतू’ काशीविश्वनाथाच्या मंदिराशी संबंधित सनईवादक होते. भाच्याचा रियाज होई तो मात्र पंचगंगा घाटाच्या परिसरातील बालाजीच्या मंदिरात. पहाटेची मंगलवेळ, खाली गंगेचे पात्र आणि दगडी ओसरीवर बसून तासन् तास स्वर लावणारा मुलगा, हे दृश्य खाँसाहेबांच्या प्रत्येक चरित्रात आढळते.

मराठी वाचकाला या परिसराचे वेगळे ममत्व वाटावे. एकनाथांनी आपल्या भागवतटीकेची समाप्ती १५७३ मध्ये काशीतच केली. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचे. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारले. शिंदे, भोसले, पेशवे यांची नावे घाटांच्या पायऱ्यांवर आजही टिकून आहेत, आणि बालाजीच्या घाटाचे नातेही पेशव्यांशी सांगितले जाते. देवळाच्या दारी सनई-चौघडा झडावा, ही प्रथाही आपल्याला परकी नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना आणि कोकणातल्या ग्रामदेवतेच्या पुढ्यात बसणारे वाजंत्री ही त्याच व्यवस्थेची रूपे होत. या व्यवस्थेत सनईवाल्याला स्थान होते, पण ते उंबरठ्याबाहेरचे. तो मंगलाची सूचना देई. मैफलीचा धनी तो नव्हता. देवळात त्याने काय वाजवावे, हे वेळेने आणि विधीने ठरवलेले असे.

घराकडून बालाजीच्या मंदिराकडे जाण्याचा जो रस्ता या मुलाला आवडे, तो रसूलनबाई आणि बतूलनबाई या दोघी बहिणींच्या घरावरून जाई. तेथून कधी ठुमरी, कधी टप्पा, कधी दादरा कानावर येई. मुलगा थबके. पुढे मोठेपणी, मान-सन्मानांच्या शिखरावर असताना, संगीताची पहिली ओढ आपल्याला या दोघींच्या गाण्याने लावली, असे त्यांनी नि:संकोचपणे सांगितले.

या सांगण्यातील धैर्य आज सहजासहजी लक्षात येत नाही. चौक आणि दालमंडीचा तो परिसर गाणाऱ्या स्त्रियांच्या कोठ्यांसाठी प्रसिद्ध होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या कोठ्यांना शहराच्या सांस्कृतिक जीवनात मान्यता होती. विसाव्या शतकात ती झपाट्याने ओसरली. विवाहमंडपात आणि देवळात वाजणाऱ्या, मांगल्याचे प्रतीक मानल्या गेलेल्या वाद्याच्या सर्वश्रेष्ठ वादकाने आपला आदिस्रोत अशा गल्लीत दाखवावा, ही साधी गोष्ट नव्हती. त्यांनी ती साधेपणाने सांगितली, म्हणून आपणही ती साधी समजलो.

३

रसूलनबाईंचा जन्म १९०२ चा, मिर्झापूर जिल्ह्यातील कछवा बाजारचा. हा कजरीचा मुलूख. घरची परिस्थिती बेताची; गाण्याचा वारसा आईकडून आलेला. शम्मू खाँ यांच्याकडे त्यांची तालीम झाली आणि पूरब अंगाच्या ठुमरीत व विशेषतः टप्प्यात त्यांचे नाव झाले. बिस्मिल्ला खाँपेक्षा त्या चौदा वर्षांनी मोठ्या. म्हणजे मंदिराकडे निघालेला दहा-बारा वर्षांचा मुलगा त्यांच्या दाराशी थबकत होता, तेव्हा त्या ऐन पंचविशीत होत्या.

त्याच वर्षी, १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यात भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रणाला प्रारंभ झाला होता. फ्रेड गेझबर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या तंत्रज्ञापुढे गायल्या त्या गौहरजान. त्यांचेही लहानपण काही काळ बनारसमध्ये गेले होते. तबकडी सुमारे तीन मिनिटांची. गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारीत. मूळ मुद्रण परदेशी कारखान्यात जाणार आणि तेथे तबकडीवर कोणाचे नाव छापायचे ते कळावे, हे त्यामागचे व्यावहारिक कारण सांगितले जाते. कारण काहीही असो, इतिहासाच्या दृष्टीने त्या उच्चाराचे मोल मोठे आहे. ज्या स्त्रीवर्गाची नावे पुढे सभ्य समाजाच्या स्मरणातून पुसली जायची होती, त्या वर्गातील एका गायिकेने आपले नाव स्वतःच्या आवाजात कोरून ठेवले.

सनईला हे शक्य नव्हते. सनईच्या तबकड्यांवर वादकाचे नाव ‘आणि पार्टी’ या जोडीने येई, त्याखाली राग किंवा प्रकार छापलेला असे : भैरवी ठुमरी, कजरी, धुन. एवढ्यावर तबकडीची भाषा संपे. ती ठुमरी कोणाच्या गळ्यातून आली, यासाठी कागदाच्या त्या वर्तुळावर जागाच नव्हती.

रसूलनबाईंच्या एका तबकडीची कथा येथे सांगितली पाहिजे. ‘फूल गेंदवा’ या नावाने परिचित असलेली भैरवीतील ठुमरी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. तिच्या सर्वज्ञात पाठात ‘करेजवा’, म्हणजे काळीज, हा शब्द येतो. परंतु १९३५ मध्ये त्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणात त्या ठिकाणी ‘जोबनवा’ हा शब्द होता. तारुण्याचा, देहाचा थेट उल्लेख करणारा तो शब्द पुढे मागे पडला आणि त्याची जागा काळजाने घेतली. सबा दीवान यांनी २००९ मध्ये पूर्ण केलेल्या अनुबोधपटात या विस्मृत पाठाचा माग काढला आहे. एका शब्दाची ही अदलाबदल म्हणजे एका युगाचा सारांश आहे. नव्या प्रतिष्ठेच्या दारातून ठुमरीला आत यायचे होते आणि त्यासाठी तिला आपला एक शब्द बाहेर ठेवावा लागला.

४

आता सनईकडे वळू. ठुमरीच्या बनारसी रीतीला ‘बोल-बनाव’ म्हणतात. एकाच ओळीतला एखादा बोल घ्यायचा आणि त्याचे अर्थ स्वरांनी पालटत जायचे; तीच विनवणी कधी लाडाची, कधी रुसव्याची, कधी थकलेली. या गायकीचा सारा भार शब्दावर असतो. मग ज्या वाद्याजवळ शब्दच नाही, त्याने बोल-बनाव करायचा तो कसा?

उत्तर सनईच्या घडणीत आहे. दुहेरी पत्तीच्या या वाद्याला बासरीप्रमाणे भोके असतात, चाव्या नसतात. दोन स्वरांमधील प्रवास बोटाने भोक हळूहळू उघडून आणि त्याच वेळी ओठांचा दाब व श्वास बदलून साधावा लागतो. पत्ती मिळते ती नरकट नावाच्या बोरूसारख्या गवतापासून. डुमरावजवळ सोन नदीच्या काठी ते उगवते. ही पत्ती ओठांमध्ये धरलेली असल्यामुळे वादकाचा श्वास आणि वाद्याचा स्वर यांत जवळजवळ अंतर राहत नाही. गाणाऱ्याचा दम जेथे तुटतो, तेथेच सनईचाही तुटतो. तंतुवाद्यावर स्वर छेडला की तो विरत जातो. सनईवर तो लावून धरता येतो, फुगवता येतो, क्षीण करता येतो. पूरब अंगात ज्याला ‘पुकार’ म्हणतात, ती वरच्या स्वरावरची आर्त हाक, सनईच्या प्रकृतीतच आहे.

खाँसाहेबांच्या ठुमरीवादनात या गुणाचा उपयोग फार विचारपूर्वक केलेला आढळतो. ते अस्थाईची ओळ प्रथम सरळ, जणू शब्दशः वाजवतात. त्या ओळीचा लगाव इतका बोलका असतो की मूळ रचना ठाऊक असलेला श्रोता मनातल्या मनात शब्द भरू लागतो. मग ते ओळीतला एक तुकडा निवडतात, बहुधा जेथे गायिका थांबली असती तोच, आणि त्याच्याभोवती मींड, मुरकी, खटका यांची वेलबुट्टी काढतात. खाली साथीला दुसऱ्या सनईचा अखंड सूर, आणि दुक्कडाची थाप. अखेरीस लग्गीचा भाग आला की लय चढते, आणि कोठ्यावरच्या मैफलीत सारंगी-तबल्याने जो रंग भरला असता तो दुक्कड भरते. चैतीच्या धुनेत हे अधिकच स्पष्ट होते. चैत्रात गायिल्या जाणाऱ्या या प्रकारात रामाला घातलेली साद पुन्हा पुन्हा येते. सनईवर ती साद ज्या लांबलेल्या स्वराने येते, तेथे शब्दाची उणीव भासत नाही; शब्द नुकताच उच्चारून झाला आहे, असेच वाटते.

विलायत खाँ यांच्या सतारीसह केलेल्या चैती धुन आणि भैरवी ठुमरीच्या ध्वनिमुद्रणात हा अनुभव उत्तम येतो. दोन्ही वादक गळ्याचे अनुकरण करीत आहेत, परंतु गळे निराळे आहेत. विलायत खाँच्या सतारीत ख्यालाचा दमदार गळा आहे. सनई उत्तर देते ती बनारसच्या गल्लीतून. विष्णु गोविंद जोग यांच्या व्हायोलिनबरोबरच्या जुगलबंदीतही असाच संवाद आहे. साताऱ्यात वाढलेले आणि लखनौला श्रीकृष्ण रातंजनकरांची तालीम घेतलेले जोग पुढे कलकत्त्याच्या नभोवाणी केंद्रावर होते. शास्त्रशुद्ध शिस्तीत मुरलेला हा मराठी कलावंत सनईच्या धुनेमागे जाताना आपल्या गजाला गळ्याची लवचीकता देतो, तेव्हा एका ऋणाचा धागा नकळत पुढच्या हाती गेलेला असतो.

५

देशाच्या इतिहासात सनई आणि तिला घडवणारा आवाज यांच्या वाटा कोठे फुटल्या, हे आता पाहिले पाहिजे.

लखनौचे नभोवाणी केंद्र १९३८ मध्ये सुरू झाले आणि बिस्मिल्ला खाँची सनई नौबतखान्यातून थेट घराघरांत पोहोचली. स्वातंत्र्याच्या सुमारास नभोवाणीच्या धोरणाने वेगळे वळण घेतले. वल्लभभाई पटेल त्या खात्याचे मंत्री असताना, ज्यांच्या खासगी जीवनाविषयी समाजात प्रवाद आहेत अशा गायिकांना कार्यक्रम देऊ नयेत, असा निर्णय झाल्याची नोंद नभोवाणीच्या इतिहासात आहे. त्यापूर्वीच कोठ्यांवरचे जग विस्कटू लागले होते. १९४८ मध्ये रसूलनबाईंनी मुजरा सोडला, कोठा सोडला आणि त्या संसारात शिरल्या.

यानंतरच्या काळात नावे बदलू लागली. अख्तरीबाई फैजाबादी विवाहानंतर बेगम अख्तर झाल्या. सिद्धेश्वरीबाई सिद्धेश्वरी देवी झाल्या. रसूलनबाई मात्र अखेरपर्यंत बाईच राहिल्या. नभोवाणी केंद्राच्या भिंतीवरची गायिकांची छायाचित्रे पाहून, बाकीच्या साऱ्या देवी झाल्या, बाई एवढी मीच उरले, असे त्या म्हणाल्याची आख्यायिका सांगितली जाते. मराठी माणसाला या विनोदातील व्यथा कळायला क्षणभर थांबावे लागते; कारण आपल्या भाषेत ‘बाई’ हा आदराचा प्रत्यय आहे. हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावातून तो काढण्याचा विचारही कोणाच्या मनात आला नाही. एकाच प्रत्ययाला एका प्रदेशात मान आणि दुसऱ्या प्रदेशात डाग चिकटावा, यावरून कलावंतिणींच्या प्रश्नाकडे दोन समाजांनी कसे पाहिले, याचा थोडा अंदाज येतो. अर्थात महाराष्ट्र-गोव्यातील कलावंतिणींचाही प्रतिष्ठेकडचा प्रवास सोपा नव्हता, हे विसरता येणार नाही.

दुसरीकडे सनईची वाट चढत गेली. २६ जानेवारी १९५० रोजी, भारत प्रजासत्ताक झाला त्या दिवशी, लाल किल्ल्यावर बिस्मिल्ला खाँची सनई वाजली. त्या दिवशी त्यांनी काफी वाजवल्याचे सांगितले जाते. काफी हा होरीचा राग, ठुमरी-टप्प्याचा राग. बनारसच्या गल्ल्यांत वर्षानुवर्षे गायिला गेलेला. ज्या स्वरांच्या मूळ धनिणींना सरकारी नभोवाणीचे दार पारखे झाले होते, तेच स्वर शब्द मागे ठेवून राष्ट्राच्या मंगलप्रसंगी उमटले. खाँसाहेबांच्या मनात त्या वेळी काय होते, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु इतिहासाने साधलेला हा योग डोळ्याआड करता येत नाही.

संगीत नाटक अकादमीने १९५६ मध्ये बिस्मिल्ला खाँचा आणि १९५७ मध्ये रसूलनबाईंचा गौरव केला. अवघे एका वर्षाचे अंतर. त्यानंतर एकाच्या वाट्याला १९६१, १९६८ आणि १९८० मध्ये पद्मसन्मान व २००१ मध्ये भारतरत्न आले. दुसरीचे अहमदाबादेतील घर १९६९ च्या दंगलीत जळाले. १५ डिसेंबर १९७४ रोजी रसूलनबाई निवर्तल्या. या दोन रेषा शेजारीशेजारी ठेवण्यात खाँसाहेबांचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. त्यांनी आपले ऋण लपवले नव्हते. आपण ते ऐकले नाही, एवढेच म्हणायचे आहे.

६

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की बिस्मिल्ला खाँचे गुरू अलीबख्श. सनईची स्वतःची परंपरा आणि स्वतःचे भांडार होते. शिवाय खाँसाहेब रागदारीचे वादक होते, त्यांचे मोठेपण ठुमरी-कजरीत शोधणे म्हणजे त्यांना लहान करणे होय. यातील पहिला भाग मान्यच आहे. सनई त्यांनी मामांकडून घेतली. परंतु सनईने काय बोलावे, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर त्यांनी एकापेक्षा अधिक ठिकाणांहून मिळवले. मोहरमच्या आठव्या दिवशी दालमंडीतून फातमानपर्यंत सुमारे आठ किलोमीटर पायी चालत ते सनईवर नौहा वाजवीत. त्या दिवशी राग वाजवायचा नाही, हा नेम होता. तेथेही सनई एका मानवी कंठाचे, शोक करणाऱ्या कंठाचे काम करते. राहिला ठुमरीने लहान होण्याचा प्रश्न. सतारीवर ख्याल उतरला की आपण ‘गायकी अंग’ म्हणून गौरव करतो. सनईवर ठुमरी उतरली की ‘हलकेफुलके’ म्हणतो. हा भेद संगीताने केलेला नाही. मूळ गळा कोणाचा, यावरून आपण तो केला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाद्याच्या ध्वनिमुद्रिकेला ऋणनिर्देश म्हणायचे तर तेथे नाव कोठे आहे? इतर परंपरांत ते असते. अमेरिकेतील जॅझमध्ये पूर्वसूरींच्या नावे रचना करण्याची आणि संपूर्ण ध्वनिमुद्रिका त्यांना अर्पण करण्याची प्रथाच आहे. लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाच्या मृत्यूनंतर चार्ल्स मिंगस यांनी १९५९ मध्ये केलेली रचना त्या वादकाच्या लाडक्या टोपीच्या नावाने ओळखली जाते. कॉनराड हर्विग या ट्रॉम्बोनवादकाने १९९६ मध्ये जॉन कोल्ट्रेन यांच्या रचना लॅटिन तालांत बांधून जी ध्वनिमुद्रिका काढली, तिच्या शीर्षकातच कोल्ट्रेन यांचे नाव आहे. तेथे सुषिर वाद्याला जे बोलता येत नाही, ते तबकडीचे वेष्टन बोलते.

आपल्याकडे अशी उदाहरणे विरळा, पण एक लखलखीत उदाहरण मराठीतच आहे. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाने बालगंधर्वांची नाट्यपदे मांडली, त्यांची ध्वनिमुद्रिका केली, आणि त्या शीर्षकातील ‘उमजलेले’ या एका शब्दाने अनुकरण आणि ऋण यांतील भेद कायमचा स्पष्ट केला. आणखी मागे गेले तर ‘एकच प्याला’च्या (१९१९) पदांना चाली सुचवणाऱ्या सुंदराबाई जाधव यांचे नाव मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासात नोंदलेले आहे. बैठकीची लावणी आणि पूरबी ठुमरी यांत मुरलेल्या या गायिकेच्या चाली बालगंधर्वांच्या मुखातून घरंदाज महाराष्ट्राने डोळे पुसत ऐकल्या. तेथेही गल्लीतला स्वर मंगल स्थानी आला. परंतु नाव पुरते हरवले नाही.

बिस्मिल्ला खाँच्या तबकड्यांवर असे शीर्षक नाही, हे खरे. म्हणूनच त्यांच्या तोंडच्या शब्दांना वेष्टनाचे मोल द्यावे लागते. कलावंताने एकीकडे ‘माझे गाणे तेथून सुरू झाले’ असे सांगावे आणि दुसरीकडे आयुष्यभर त्याच प्रकारांतील रचना तबकडीवर कोराव्यात, तेव्हा ही दोन विधाने एकत्र वाचणे हे अभ्यासकाचे काम ठरते. घराण्याचा इतिहास असाच सांगोवांगीच्या आधारावर उभा आहे. उस्तादाची आठवण आपण पुरावा मानतो. गायिकेची आठवण तेवढी किस्सा का मानावी?

ही नोंद करण्याची निकड आहे. सनईचे पिढीजात वादक आपल्याकडेही घटत चालले आहेत. महाराष्ट्रातील मंगलकार्यांत प्रत्यक्ष वाजंत्र्यांच्या जागी ध्वनिफितीवरची सनई आली, आणि ती पुष्कळदा खाँसाहेबांचीच होती. देवळांचा चौघडा सांभाळणाऱ्या घडशी, गुरव मंडळींचा रोजगार तिने नकळत हिरावला. खुद्द खाँसाहेबांच्या बनारसच्या घरातून २०१६ च्या अखेरीस त्यांच्या चांदीच्या काही सनया चोरीस गेल्या आणि त्या वितळवल्या गेल्याचे २०१७ च्या जानेवारीत उघड झाले. २१ ऑगस्ट २००६ रोजी ते गेले, तेव्हा फातमानच्या दफनभूमीत त्यांच्यासमवेत एक सनई ठेवण्यात आली होती. वस्तू अशा रीतीने मातीत आणि मुशीत जातात. ध्वनिमुद्रण तेवढे उरते, आणि तेही कोणत्या नावाखाली ठेवले आहे यावर त्याचे ऐकणे अवलंबून असते.

ग्रंथालये आणि ध्वनिसंग्रह रसूलनबाईंच्या तबकड्या ‘उपशास्त्रीय कंठसंगीत’ या कप्प्यात आणि खाँसाहेबांच्या तबकड्या ‘सुषिर वाद्ये’ या कप्प्यात ठेवतात. वर्गीकरणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. संगीताच्या विद्यार्थ्याने मात्र एकदा दोन्ही कप्पे उघडावेत. रसूलनबाईंची १९३५ ची ठुमरी प्रथम ऐकावी, आणि ती संपताच बिस्मिल्ला खाँची भैरवी लावावी. पहिल्या चार-दोन आवर्तनांत काही विशेष जाणवणार नाही. मग सनई वरच्या षड्जावर थांबते, तो स्वर किंचित उतरवते आणि परत उचलते. ती जागा नुकतीच एका स्त्रीच्या आवाजात ऐकलेली असते.